पंगत उठायची राहिली

घुग्घुसला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सावजी खानावळ होती. नवरा वाढायचा, बायको आत पाट्यावर मसाला वाटायची. मागच्या बाजूला पडदा लावून जरा आडोसा केला होता, त्याला म्हणायचं फॅमिली रूम. तिघं बसले की चौथ्याने कोपर कुठे ठेवावं हा प्रश्न. पण ऐंशीच्या दशकात खाणीतल्या माणसाला बायकापोरांना घेऊन जेवायला जायला गावात दुसरी जागा नव्हती. रविवारी दुपारी आम्ही चौघं तिथे असायचो: आई, बाबा, दादा आणि मी.

आईचा एक नियम होता. घर असो की खानावळ, पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कोणी हात धुवायचा नाही. दादा गाईसारखा रवंथ करत जेवायचा. त्याच्यापायी आमच्या हातावर रस्सा वाळायचा आणि मी चिडायचे.

एका रविवारी बाबांनी ताटावरच विषय काढला. त्यांना दादाला खाणीत लावायचं होतं. दादाला जायचं होतं आलापल्लीला, जंगलात लाकडाच्या कामावर.

"खाणीत नाई जायचं तं माह्या कमाईचं जेवू नोको," बाबा म्हणाले.

दादाने अर्धी भाकर ताटात ठेवली. "येतो," म्हणाला आणि पडदा सारून निघून गेला. राग उतरला की येईल, असं आम्हाला वाटलं.

तो आला नाही. बाबा आलापल्लीला जाऊन आले. तिथे त्याला कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतरही आई दर रविवारी आम्हाला तिथेच न्यायची. जेवण झालं की उष्टा हात ताटावर धरून बसून राहायची. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की पडदा हलायचा आणि आम्ही तिघंही तिकडे बघायचो. मला त्या पडद्याची भीती वाटायची. अजूनही वाटते.

"त्याले याचं असतं तं आला असता," बाबा वैतागायचे. "हात धू."

"येतो म्हणून गेला तो. पंगत उठली नाई अजून."

मग बाबा बाहेर जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे खळखळून हात धुवायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. शेवटी खानावळवाली बाई तांब्या घेऊन यायची आणि आईच्या हातावर पाणी घालायची.

दादाची वाट बघता बघताच आई गेली. त्यानंतर कधीतरी एका रविवारी बाबा आपणहून म्हणाले, "चाल, जेवून येऊ."

आम्ही दोघंच बसलो. माझं आटोपलं, मी हात धुवायला उठले. बाबांचं ताट माझ्याआधीच रिकामं झालं होतं, पण ते जागचे हलले नव्हते. बोटांवरचा रस्सा सुकला होता. खानावळवाली बाई सवयीने तांब्या घेऊन आली.

"धुवा भाऊ."

बाबांनी हात मागे घेतला. ते पडद्याकडे बघत होते.

"थांबा जरा," ते म्हणाले. "पोरगा जेवाचा हाये."

मी परत खाली बसले.