घरात लागणारं चर्च

रविवारी साडेनऊला आमच्या घरी चर्च लागायचं. सिरियल लागते तसं. मी मोबाइल टीव्हीला जोडायची, पाळकसाहेबांचा चेहरा यायचा, मागं पांढरी भिंत आणि लाकडी क्रूस दिसायचा, आणि माझी पोरगी खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. मी तोवर कुकर लावून यायची. तिसऱ्या शिट्टीला पहिलं गीत संपायचं. चार वर्षं हे असंच चाललं. त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही, कारण त्या चार वर्षांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

आधीचं सांगते, म्हणजे घोटाळा नको. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लातूरची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. चर्चमध्ये ढोलक तोच वाजवायचा, आणि वाजवताना जीभ दातांत धरायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो अकरा दिवस दवाखान्यात होता, बाराव्या दिवशी गेला. मीही पॉझिटिव्ह होते, घरातच कोंडलेली, सहा वर्षांची पोर पलीकडच्या खोलीत. त्याची माती मी मोबाइलवर बघितली. किट घातलेले चौघंजण, पाळकसाहेब लांब उभे, हातातल्या पुस्तकाची पानं वाऱ्यानं उडत होती. मध्येच नेट गेलं. परत आलं तोवर खड्डा बुजवून झाला होता.

मी रडले नाही. नातेवाईक फोनवर एकमेकांना सांगायचे, "लई धीराची बाई हाय." धीर कसला डोंबलाचा! दात काढायच्या आधी सुई मारल्यावर हिरडी बधिर होते ना, तसं सगळं झालं होतं. बोट लावलं तरी आपलं वाटत नाही.

चर्च उघडलं तेव्हा मी गेले नाही. तिथं ढोलक दुसराच कुणी वाजवत असणार, आणि दारात बायका हात हातात घेऊन "कशी आहेस बाई" म्हणणार. टीव्हीतून कुणी हात धरत नाही. पुढं मी बदली मागून घेतली आणि नांदेडला खोली केली. शाळा अर्धापूरच्या बाजूला, रोज केळीच्या बागांमधून स्कूटीवर जाणं-येणं. नांदेडात चर्च नव्हतं असं नाही. पण लातूरची उपासना मोबाइलवर येत होतीच की, मग कशाला तो ताप?

घरमालकीण काकू उदगीरकडच्या, महादेवाच्या भक्त. सकाळी आंघोळ करून नातवाला शेजारी बसवून पूजा करायच्या, त्याला हातात बेल देऊन एकेक वाहायला लावायच्या. एका रविवारी उंबऱ्यातून डोकावून म्हणाल्या, "तुमचं बरं हाय बाई. देव रिमोटवर. आमाला चार वाजता उठावं लागतंय." मी हसले. त्यांनी चिडवलं होतं, मनात काही नव्हतं त्यांच्या.

मग मी टीव्ही लावायची तरी कशाला, असं कुणी विचारेल. एका शब्दासाठी. आमच्यात लेकराचा बाप्तिस्मा करताना आई-बापाला मंडळीपुढं उभं करतात आणि शब्द घेतात, की या लेकराला देवाच्या ओळखीत वाढवाल. नवऱ्यानं तो शब्द इतका मोठ्यानं दिला होता की मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. तो गेला आणि तो शब्द माझ्या एकटीच्या गळ्यात पडला. देवाचं आणि माझं काय व्हायचं ते होवो, पण त्याचा शब्द मोडायचा नाही, एवढं एकच माझ्यात जागं होतं. म्हणून रविवारी साडेनऊ चुकवलं नाही.

पोरगी दुसरीत गेली, वाचायला लागली, तसा मोबाइल तिच्या हातात राहायला लागला. उपासना चालू असताना खाली लोक प्रार्थनेच्या विनंत्या लिहायचे, त्या ती मोठ्यानं वाचायची. तिथं कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. नावाच्या जागी गुलाबाचं फूल, नाहीतर नुसती दोन अक्षरं. त्यामुळं लोक काहीही लिहायचे. मालक पिऊन मारतात. मला जगू वाटत नाही. सुनेचा लई राग येतो, प्रभू माफ कर.

"मम्मी, जगू वाटत न्हाई म्हंजे?"

"गप बस. ते वाचायचं नसतं, समोर बघ."

ती समोर बघायची आणि जरा वेळानं पुन्हा खाली वाचायची. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची.

गेल्या साली इथल्या पाळकसाहेबांना लातूरहून कुणीतरी माझा नंबर दिला. ते पाळकबाईंना घेऊन घरभेटीला आले. मी पोहे केले. पोहे खाऊन झाल्यावर, निघायच्या आधी ते पोरीला म्हणाले, "बेटा, आज प्रार्थना तू कर. आम्ही डोळे मिटतो."

दोघांनी डोळे मिटले. मीही मिटले. काहीच ऐकू येईना म्हणून उघडले, तर पोर बंद टीव्हीकडं बघत उभी.

"प्रार्थना तर टीव्हीत होते," ती म्हणाली. "आमी फक्त लावतो."

पाळकसाहेब मोठ्यानं हसले. पाळकबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं, स्वतःच छोटी प्रार्थना केली आणि जाताना मला म्हणाल्या, "ताई, रविवारी आणत चला हिला." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. मी त्यांच्या बशा उचलल्या आणि घासायला घेतल्या. घासताना एवढं मात्र लख्ख कळलं, की त्यानं दिलेला शब्द मी मोडला. कळलं म्हणते मी. वाटलं काहीच नाही.

मग माझ्यातली बाई जागी झाली, शाळेतली. मास्तरकी हाडात मुरली की माणूस देवालाही वेळापत्रकात बसवतो. मी वही आखली. रोज एक वचन पाठ. प्रार्थनेचे तीन भाग: आधी स्तुती, मग आभार, मग मागणी. चुकलं की लाल पेन. पोर पाढे म्हणावेत तशी सगळं घडाघडा म्हणून दाखवायची, डोळे भिंतीवर, आवाज सपाट. पंधरा दिवसांत तिला वीस वचनं आली, आणि त्यातलं एकही तिच्या आत गेलं नव्हतं. हे मला वर्गातल्या अनुभवानं समजत होतं. म्हणून मी जास्तच ओरडायची.

"बापाच्या नावाला बट्टा लावतीस का? नीट म्हण!"

"तू कवा म्हणतीस?" तिनं विचारलं.

"मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही." मी वही मिटली.

त्या रविवारी मी तिला स्कूटीवर बसवलं आणि चर्चला घेऊन गेले. चार वर्षांनी चर्चचा दरवाजा ओलांडला. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला, पेटीतून काढलेल्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास, वर पंखे खडखडत होते. मी मागचा बाक धरला. गाणं सुरू झालं तसे पोरीनं कानांवर हात ठेवले. एवढी माणसं एकदम गातात हे तिला आठवतच नव्हतं. उपदेश लांबला तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हितं पुढं ढकलता येत न्हाई का?" मी चिमटा काढला.

उपदेशानंतर पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या आहेत?" पाळकबाई वही-पेन घेऊन पुढं बसल्या. एकेकजण उठायला लागला. एका आजीचे गुडघे. एकाच्या मुलाची नीटची परीक्षा. एकाची जमिनीची केस, तारखेवर तारीख. एका बाईनं मुलाला नोकरी लागली म्हणून आभार मानले. मी लहानपणापासून हे ऐकत आले. लातूरला आमच्या शेजारी एक बाई होत्या, त्यांचा मुलगा दहा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता, अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं, आणि त्या दर रविवारी उठून बीपीसाठी प्रार्थना मागायच्या. मंडळीत उभं राहून माणूस गुडघाच सांगतो. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही, येऊन-जाऊन कळते.

माझ्या पोरीला ती कळायला ती आली होती कधी?

ती उठली. मला वाटलं, सहामाही परीक्षा सांगेल. मी तिचा फ्रॉक मागून नीट केला.

"माझ्या मम्मीला देवाचा राग आलाय," ती म्हणाली. पाठ केलेली वचनं म्हणायची त्याच स्पष्ट आवाजात. "पप्पा गेले तवापासून. ती त्याच्याशी बोलत न्हाई. तिच्यासाठी प्रार्थना करा."

आणि खाली बसली. पुढच्या बाकांवरच्या माना वळायला लागल्या आणि अर्ध्यात थांबल्या. पाळकबाईंचं पेन थांबलं, मग त्यांनी तेही लिहून घेतलं. पाळकसाहेबांनी वही हातात घेतली, सगळ्यांना उभं केलं आणि ओळीनं प्रार्थना केली. गुडघ्यांसाठी, नीटसाठी, केससाठी. "आणि प्रभू, या लेकराच्या आईसाठी, जी तुझ्यावर रागावली आहे." तोच आवाज, तीच चाल, गुडघ्यांना जेवढा वेळ दिला तेवढाच. सगळी मंडळी म्हणाली, आमेन.

मला राग आला. असा राग, की कानशिलं तापली. त्या कार्टीला तिथंच एक ठेवून द्यावीशी वाटली. माझं उघडं अंग सगळ्या गावाला दाखवलं तिनं! मी आशीर्वादाची वाट बघितली नाही. तिचा दंड धरला आणि तिला बाहेर स्कूटीपाशी ओढत आणलं.

"कुणी सांगितलं तुला ते?"

"कुणी न्हाई."

"पाळकबाईंनी विचारलं होतं? काकूंनी?"

"न्हाई."

"मग? मी कधी म्हणाले, मला देवाचा राग आलाय? कधी म्हणाले? बोल!"

तिनं मान वर केली. घाबरली होती, पण रडत नव्हती.

"तू आमेन म्हणत न्हाईस," ती म्हणाली. "कदीच म्हणत न्हाईस. टीव्हीत पाळकसाहेब प्रार्थना करायला लागले की तू किचनमधी जातीस. म्हणून मी दोनदा म्हणते. एक माझं. एक तुझं."

"कधीपासून?"

"पहिलीपासून."

मी तिचा दंड सोडला. माझी चार बोटं त्यावर उमटली होती. आत शेवटचं गीत सुरू झालं. मी हेल्मेट घातलं, काच खाली ओढली, गाडीवर बसले आणि आतल्या आत रडायला लागले. नाक गळायला लागलं, काचेवर वाफ धरली, काही दिसेना. ती मागं चढून बसली, तिनं माझी कंबर धरली.

मग म्हणाली, "मम्मी, किल्ली लावली न्हाईस."