कोरडं हाय

अनोळखी जमिनीवर पाऊल टाकण्याआधी तो माणूस चपला काढून हातात घ्यायचा. आमच्या शाळेच्या फाटकात त्यांना पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा वाटलं, शाळेला देऊळ समजणारा कुणी पालक असावा. असे पालक आता दुर्मीळ. पण ते सुदाम होते, दिग्रसचे पानाडे, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारे. शाळेची बोअर आटली होती आणि नवी कुठे मारायची ते दाखवायला सरपंचांनी त्यांना आणलं होतं.

दुसरे पानाडे तळहातावर नारळ धरतात, कडुलिंबाची बेचकी फिरवतात. यांच्या हातात चपलांशिवाय काही नाही. त्यांनी मैदानाला चार चकरा मारल्या, कुंपणाजवळ थबकले आणि टाचेने माती उकरली. "इथं मारा. गोड पानी हाय." मी विचारलं, कळतं कसं? "तळव्याले मुंग्या येतात, मॅडम. त्याहीले कोनी शिकवलं ते म्या कायले इचारू?" पाणी लागलं आणि पोरांनी बादल्या वाजवून शाळा डोक्यावर घेतली.

मग ते पंप पाहायला दर आठवड्याला येऊ लागले. पंपाला काहीही झालेलं नसायचं. हेडमास्तर चहा मागवायचे. सुदाम उभ्याउभ्या अर्धा कप प्यायचे, उरलेला खिडकीत ठेवून निघायचे. बसा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "खालून पानी चालून राह्यलं, मॅडम. बसू देत नाही." एका जागी न टिकणाऱ्या माणसांचा मला एरवी राग येतो. यांचा येत नव्हता, आणि त्याचाच राग यायचा.

सगळं दिग्रस त्यांना सुदामभाऊ म्हणायचं, माझ्या आईच्या वयाच्या बायासुद्धा. मी एकदाही भाऊ म्हटलं नाही. "अहो, ऐका" म्हणून वेळ मारून न्यायची, आणि मग लक्षात यायचं की "अहो" तर त्याहून अवघड. शाळेतली शिपाई शांताबाई तोंडाला पदर लावून हसायची.

मी पांढरकवड्याची. आमचं घर हायवेला लागून, ट्रकचे हॉर्न ऐकत वाढलेली. दिग्रसला मला करमत नसे. दर शनिवारी बस धरायची, दर वर्षी बदलीचा अर्ज भरायचा. घरचं हे पुराण मी सुदामना शंभरदा ऐकवलं असेल. ते निमूट ऐकायचे. त्यांचं स्वतःचं गाव ते लहान असतानाच धरणात गेलं होतं.

एका मे महिन्यात धरणाचं पाणी खूप उतरलं, तेव्हा त्यांनी मला आणि शांताबाईला तिथे नेलं. चिखलातून त्यांच्या घराचा दगडी ओटा वर आला होता. ते अनवाणी चढले आणि चक्क मांडी घालून बसले. "इथं पायाखाली काहीच नाही चालत. सारं चूप हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मानसाचं गाव सुटू नये, मॅडम." तासभर ते उठले नाहीत. मला रडू आलं, आणि शांताबाईने पहिल्यांदाच हसू आवरलं.

त्या उन्हाळ्यात मी मन पक्कं केलं. दिग्रसला एक प्लॉट पाहिला आणि सुदामना म्हटलं, "पाणी असलं तर घेते. इथंच घर बांधते, बदलीचा अर्जही मागे घेते." बाईमाणसाने यापेक्षा उघड काय बोलायचं? माझ्या मते मी मागणीच घातली होती.

त्यांनी चपला काढल्या. तीन चकरा मारल्या. लिंबाजवळच्या कोपऱ्यात बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि ते माझ्या पायांकडे.

"कोरडं हाय," ते म्हणाले, आणि मागे न पाहता गेले. त्याच वर्षी माझी बदली झाली.

पांढरकवड्यात हॉर्न तेच होते, आईच्या हातची आंबाडीची भाजी तीच होती. मला मात्र घरात बसवेना. उगाच फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. "काय हरवलं तुहं?" आई विचारायची.

चार वर्षांनी हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नाला दिग्रसला गेले. वाटेत तो प्लॉट लागला. त्यावर आता घर होतं, आणि लिंबाच्या कोपऱ्यात बोअर. घरमालक कौतुकाने म्हणाले, "सत्तर फुटावरच लागलं जी. भर उन्हाळ्यातही आटत नाही." लग्न राहिलं बाजूला. मी तडक सुदामकडे गेले.

त्यांचं लग्न झालं होतं. बायको हसतमुख, तिने लगबगीने चहा आणला. सुदाम खुर्चीला टेकून बसले आणि कप तळापर्यंत प्यायले. मी माझा अर्धा ठेवून उठले. ते मला स्टँडवर पोचवायला निघाले.

"तिथं पाणी होतं," रस्त्यात मी म्हटलं.

"होतं."

"मग?"

"तुमचे पाय गावाकडं पाहून राह्यले होते. माह्यापायी तुमचं गाव सुटलं असतं. गाव सुटलं का कसं वाटते, मले मालूम हाय." ते थांबले. "पान्याच्या बाबतीत तेवढंच खोटं बोललो, मॅडम."

मला संताप आला. आजही येतो. त्यांच्यापुढे नेहमी शाळेतली मराठी बोलणारी मी एकदम घरच्या बोलीवर आले. "जमिनीले तोंड नाही म्हनून तिले पायानं इचारा लागते. मले तर तोंड होतं ना? मले काहून नाही इचारलं?"

ते स्टँडकडे चालू लागले. बस लागलेली होती. मी खिडकीशी बसले. ते खाली उभे होते, चपला पायात होत्या. कंडक्टरने बेल मारली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"येते, सुदामभाऊ," मी म्हटलं.