जलालभाईंनी बसवलेली रॅम

जलालुद्दीन आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि चौसाळ्यात कॉम्प्युटर आले तसे तेही. सगळे त्यांना जलालभाई म्हणत. त्यांनी बिघाड सांगितला की लोक दुसऱ्या कुणाला विचारत नसत.

२०१३च्या दुष्काळात जवळच्या एका गावच्या दूध सोसायटीनं चारा छावणी चालवली होती. छावणीतल्या चारशे जनावरांची यादी तिथं कामाला असलेली सत्यभामा सोसायटीच्या कॉम्प्युटरवर ठेवायची. एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. जलालभाई आले. यादी बाजूला न काढताच त्यांनी हार्ड डिस्क फॉरमॅट केली आणि विंडोज टाकायला घेतलं. ते निम्म्यात अडकलं. पुन्हा लावलं, पुन्हा अडकलं.

"हार्ड डिस्क गेली," ते चेअरमन विठ्ठलरावांना म्हणाले. "चालू मशीन कुणीतरी तसंच बटण दाबून बंद करतंय."

विठ्ठलरावांनी सत्यभामेकडं पाहिलं.

"मी न्हाई केलं," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून निरोप गेला.

जलालभाईंनी नवी डिस्क बसवली. विंडोज परत अडकलं, एकदा तीस टक्क्यांवर, एकदा सत्तरवर. म्हणजे दोष डिस्कचा नव्हताच. त्यांनी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकेक लावून पाहिली. एकीवर विंडोज सुरळीत चढलं. दुसरी लावली की घोटाळा. ती दुसरी पट्टी दोन महिन्यांपूर्वी एका जुन्या मशीनमधून काढून, न तपासता, त्यांनीच बसवली होती.

कुणाला कळणार नव्हतं. पट्टी खिशात टाकून ते घरी आले. ताट पुढं सारून ते जेवणावरून उठले. त्यांच्या बायकोनं, आमिनाबीनं, कारण विचारलं तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"मग त्या पोरीचं काय?" ती एवढंच म्हणाली.

सकाळी सोसायटीत दूध घालायला माणसं उभी होती. त्यांच्यादेखत जलालभाई विठ्ठलरावांना म्हणाले, "डिस्क चांगली होती. रॅम खराब हाय, ती मीच बसवली. सत्यभामाताईचा काही कसूर न्हाई."

"आधी कावून न्हाई पाहिलं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"माझ्याकडून चुकलं असंल, हे मनातच आलं न्हाई."

सत्यभामेला परत बोलावलं. यादी मात्र पुसली गेली होती. तीन दिवस जलालभाई उन्हात जनावरामागून जनावर फिरले आणि कानातल्या बिल्ल्यांचे नंबर उतरवत राहिले. ती ते टाइप करायची. तिसऱ्या दिवशी कागद घेताना ती म्हणाली, "जलालभाई, तुमी मला एकदा विचारायचं तरी."

 पुढं कितीतरी वर्षं ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली, आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही.