मालक अज्ञात

फोन आला तेव्हा मी परळच्या ऑफिसात मीटिंगला निघाले होते. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. गिरगावातल्या मावशीच्या वाडीचे सेक्रेटरी शिरीषकाका बोलत होते. "वर्षा, अगं, कुमुद गेली. नंदा चहा घेऊन गेली तर खुर्चीतच... डॉक्टरांना बोलावलंय." मग खाकरले आणि म्हणाले, "आणि हो, त्या गाडीचं काय ते तुलाच बघावं लागेल आता." त्याच फोनवर. डॉक्टर अजून यायचे होते, मावशी अजून खुर्चीतच होती, आणि ह्यांना गाडी आठवली. त्याला आता दीड महिना झाला. राग निवला की लिही, असं सगळे सांगतात. तो निवायचं काही लक्षण दिसत नाही, म्हणून तसाच घेऊन लिहायला बसले आहे.

कुमुद सावंत ही माझ्या आईची थोरली बहीण. परळच्या एका इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात तिने सगळी नोकरी काढली, शेवटी सिस्टर-इन-चार्ज होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. घराणं मालवणकडचं, त्यामुळे चिडली की मालवणीत, आणि वॉर्डात बोलावं तसं तोलून बोलायचं असलं की पुस्तकी मराठीत. वॉर्डातले मोठे डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा त्यांची क्रीम रंगाची पद्मिनी मावशीने घेतली. तेव्हा ती चाळिशीची होती आणि तिला गाडी चालवता येत नव्हती. गाडी आधी आली, लायसन्स नंतर. पहिले तीन महिने ती रोज पहाटे चौपाटीच्या रस्त्यावर जाऊन शिकली, आणि वाडीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून ती गाडी रिव्हर्समध्ये कशी आत घालते ते बघायच्या. वाडीत तेव्हा दुसरी गाडी नव्हती.

त्या गाडीतून वाडीतल्या किती बायका इस्पितळात पोचल्या, ते मला माहीत नाही. एकीची मात्र मी साक्षीदार आहे. मी बारा वर्षांची होते, सुट्टीत मावशीकडे राहायला आले होते. टॅक्सीवाल्यांचा संप होता. भर दुपारी शिरीषकाका धावत आले. नंदाकाकूंच्या कळा सुरू झाल्या होत्या. मावशीने मला टॉवेलांचं गाठोडं मांडीवर देऊन पुढे बसवलं. मागे नंदाकाकू ओरडत होत्या आणि शिरीषकाका त्यांच्याहून मोठ्याने रडत होते. "कुमुद, तुझे उपकार जन्मात विसरणार नाही गं!" मावशीने आरशात बघून सांगितलं, "विसर खुशाल, पण आधी तिचा हात धर." लालबागच्या गर्दीतून तिने गाडी कशी काढली देव जाणे. इस्पितळाच्या पोर्चमध्ये स्ट्रेचर आणायलासुद्धा वेळ उरला नव्हता. मुलगा झाला, अनिकेत. मोठा झाल्यावर वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानेच पहिला मेसेज टाकला, "त्या डब्याच्या आवाजाचा बंदोबस्त करा."

आवाज व्हायचा, हे खरं आहे. गेल्या वर्षी सायलेन्सर कुजून गेला, आणि त्याच्या पाठोपाठ इंजिनापासून वळून खाली येणाऱ्या पुढच्या पाईपला मोठी भेग गेली. गाडी सुरू केली की सबंध वाडी हादरायची आणि धूर आत यायचा. मावशीने दोन दिवसांत गाडी बंद केली. "आयुष्यभर बाळांना पहिला श्वास घ्यायला लावला, आता त्यांना धूर पाजू?" ठाकूरद्वारच्या मेकॅनिकने दोन्ही भाग उतरवून तिच्या हातात दिले आणि सांगितलं, सायलेन्सर कुठेतरी मिळेल, पुढचा पाईप मिळणार नाही. त्या गाड्या गेल्या, टॅक्सी म्हणून धावायच्या त्याही भंगारात गेल्या, माल कोण बनवणार? गाडी पुढून विटांवर चढवलेली, वाडीच्या कोपऱ्यात उभी राहिली. आणि शहात्तर वर्षांची माझी मावशी गंजलेला पाईप कापडी पिशवीत घालून, त्याच्या तोंडावरची भोकं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने गिरवून घेऊन, बाजारात निघाली.

ऑपेरा हाऊसच्या मोटारपार्टवाल्यांकडे ती सात वेळा गेली. दोनदा मी बरोबर होते. एकाने पाईप हातातसुद्धा घेतला नाही. "माताजी, ये म्युझियम में दे दो," म्हणाला आणि शेजारच्याला डोळा घातला. दुसऱ्याने कुर्ल्याचा पत्ता दिला. कुर्ल्यात तिला एकाने चंदेरी रंग मारलेला पाईप 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारला. घरी येऊन बघते तर भोकं जुळत नाहीत. परत घेऊन गेली तर दुकानातला माणूस कॅलेंडरच्या कागदाकडे बघून हसला. "आजी, अब इस उमर में गाडी क्या करोगे?" मावशीने त्याला काय उत्तर दिलं ते ती मला सांगेना. तो पाईप मात्र तिने त्याच्या काउंटरवर आपटून ठेवला आणि रिकाम्या हाताने परत आली. त्या संध्याकाळी तिचे पाय सुजले होते. मी तिच्या पायांना तेल लावत म्हणाले, "मावशी, सोड ना आता. अ‍ॅपवरून पाच मिनिटांत टॅक्सी येते."

"कोणाक येता?" ती एकदम मालवणीत घसरली. "माका शिकवू नको. त्या रत्नाक विचार."

रत्ना म्हणजे वाडीच्या मागच्या अंगाला भाड्याने राहणारी मुलगी. नवरा दिवसभर स्कूटरवर पार्सलं पोचवतो. पहिल्या खेपेला तिला दुखायला लागलं तेव्हा तिने तीन टॅक्स्या बुक केल्या, तिन्ही रद्द झाल्या. ते मूल राहिलं नाही. आता ती पुन्हा पोटुशी होती, आणि मावशीने तिला शब्द दिला होता... तुझ्या वेळेला माझी गाडी दारात उभी असेल. त्या कुजक्या पाईपमागे ती का हिंडत होती, हे मला तेव्हा कळलं. पण कळूनही मी काय केलं? ऑनलाइन दोन-चार ठिकाणी बघितलं आणि सोडून दिलं.

शेवटी माणूस सापडला तो लालबागच्या एका चहावाल्याच्या सांगण्यावरून. कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या गल्लीत तुकाराम परब नावाचे सत्तरीचे गृहस्थ एका शेडमध्ये वेल्डिंगचं काम करतात. पूर्वी टॅक्सीवाल्यांचे सायलेन्सर तेच बनवायचे. त्यांनी पिशवीतला पाईप बाहेर काढला, चष्मा कपाळावर चढवला, भेगेवरून अंगठा फिरवला. "बाजारात शोधू नका, सिस्टर. गावणार नाय. मी वाकवून देतो." नव्या पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून भरायची, मग तापवून हळूहळू वाकवायचा, म्हणजे वळणावर तो चेपत नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. मावशी लहान मुलीसारखी खूश होऊन मला फोनवर ते सगळं परत सांगत होती. आठवड्याने या, म्हणाले. सायलेन्सरचंही तेच बघणार होते.

आठवड्याने ती पाईप आणायला गेली. परब अजून टोकं घासत होते, म्हणून दुपारपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिली. टॅक्सीने नवा पाईप आणि सायलेन्सर घेऊन वाडीत उतरली तेव्हा गाडीच्या जागी चार विटा आणि तेलाचा डाग होता.

बेवारस गाड्या उचलून नेणारी क्रेन सकाळी येऊन गेली होती. आठ दिवसांपूर्वी काचेवर चिकटवलेली नोटीस कुणीतरी त्याच दिवशी फाडून टाकली असणार, कारण मावशीने ती कधी पाहिलीच नाही. गॅलऱ्यांत माणसं उभी होती. मावशीने खालून विचारलं, "कोणी बोलावलं त्यांना?" शिरीषकाका जिन्यात येऊन म्हणाले, "नियमानुसार झालंय, कुमुद. वाडी रिडेव्हलपमेंटला जायची आहे, जागा मोकळी दाखवावी लागते."

दुसऱ्या दिवशी ती शिवडीला, जिथे त्या गाड्या नेऊन टाकतात त्या आवारात, सगळी कागदपत्रं घेऊन गेली. तिथला कारकून भला होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तक्रारीचा कागद दाखवला. वाडीच्या लेटरहेडवर लिहिलं होतं, गाडी बऱ्याच वर्षांपासून पडून आहे, मालक अज्ञात. खाली अकरा सह्या. कारकून म्हणाला, ह्या लोकांनी तक्रार मागे घेतल्याचं पत्र आणलंत तर लगेच सोडतो.

तिथून तिने मला फोन केला. आवाज अगदी शांत, वॉर्डातला. "वर्षू, शिरीषची सही आहे. अनिकेत, सव्वासहा पाउंड. कर्णिकांची आहे. जुळ्या मुली, दोघी पाच-पाचच्या आतल्या, एकीला काचेत ठेवली होती. पेडणेकरांच्या सुनेची आहे... तिची मुलगी पायाळू." तिने अकराच्या अकरा वाचली. ज्यांच्या घरात पाळणा तिच्या गाडीमुळे हलला नव्हता अशी दोनच नावं होती, तीही नंतर राहायला आलेल्यांची. मी म्हणाले, "मावशी, त्यांच्याकडे पत्र मागूया ना." ती म्हणाली, "मी आहे, हे मी त्यांच्याकडून लिहून घेऊ? नाही जमणार मला." माझ्या केबिनच्या दारात कुणीतरी उभं होतं. मी म्हणाले, "संध्याकाळी बोलूया." संध्याकाळी मी फोन केला नाही. विसरले. त्यानंतर तिसऱ्या सकाळी ती गेली. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला विचाराल तर त्या कागदावर अकरा नावं आहेत, आणि बारावं माझं लिहायचं राहिलंय.

तेराव्याला वाडीने शोकसभा ठेवली. फोटोला हार, समई, खुर्च्या. शिरीषकाका माइकवर बोलले, "कुमुदताई म्हणजे सेवेची मूर्ती. ह्या वाडीचं प्रत्येक घर त्यांना ओळखतं." मी उठले. ओरडायचं असं ठरवून आले नव्हते, पण ओरडलेच. "ओळखतं ना? मग तेवढंच लिहून द्या." आणि पिशवीतून कोरा कागद काढून त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. सभा तिथेच मोडली.

नंतर मी तो कागद घेऊन अकरा दारं फिरले. मावशीला हे आवडलं नसतं, मला माहीत आहे. कागदावर मी एवढंच लिहिलं होतं: ही गाडी कुमुद सावंत यांची आहे, आम्ही त्यांना ओळखत होतो, मालक अज्ञात हे आम्ही खोटं लिहिलं. 'खोटं' ह्या शब्दावर सगळे अडले. कर्णिक म्हणाले, 'चुकून' लिहू. मी म्हणाले, चुकून एक सही होते, अकरा होत नाहीत. पेडणेकरांची सून रडायला लागली. मी तिला रडू दिलं आणि पेन पुढे केलं. शिरीषकाकांनी दार उघडून मला बाहेरच उभं ठेवलं. "वर्षा, सेक्रेटरी म्हणून मला असं लिहून देता येत नाही. कायदेशीर भानगड होते." त्यांच्या मागून नंदाकाकू आल्या. थकल्यात आता, गुडघे धरून चालतात. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, भिंतीला टेकवला आणि जिथे नवऱ्याची सही हवी होती तिथे स्वतःची केली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी गाडीत मी होते. तुम्ही नुसते रडत होतात." शिरीषकाका आत निघून गेले.

शिवडीच्या कारकुनाने वारसाचे कागद आणि अकरा सह्यांचं ते पत्र बघितलं आणि गाडी सोडली. मी परबांना फोन करून सांगितलं की पाईप आणि सायलेन्सर मावशीच्या घरून शिवडीला आणते, तिथे बसवायला कुणी मिळेल का. ते स्वतःच आले. बस-टॅक्सी काही नाही, कॉटन ग्रीनहून चालत, खांद्यावर हत्यारांची पिशवी. त्या आवारात धुळीत गोणपाट अंथरून, पाठ टेकून, सत्तरीचा माणूस गाडीखाली शिरला. भोकं पहिल्या फटक्यात जुळली. नवी बॅटरी लावली, मी किल्ली फिरवली. चौथ्या वेळेला इंजिन लागलं आणि मला वाटलं बंद पडलं, इतका आवाज कमी होता. परब मागे जाऊन बसले आणि मला बोलावलं. "इथे हात धरा." मी धुराड्याच्या तोंडापाशी तळवा धरला. गरम, एकसारखी हवा लागत होती. "सिस्टरना दाखवायचं होतं हे," ते म्हणाले. इतक्या दिवसांत मी रडले नव्हते. तिथे उकिडवी बसून रडले, आणि रडता रडता अकराही जणांना नाव घेऊन शिव्या दिल्या. परब दुसरीकडे बघत हात पुसत राहिले.

रत्ना मागच्या आठवड्यात बाळंत झाली. मी रजा काढून वाडीत मावशीच्या खोलीत राहायला आले होते. परळपर्यंत मीच गाडी नेली. मुलगी आहे. दोघी ठीक आहेत.

दादरला माझ्या इमारतीत पार्किंगची जागा आहे. गाडी तिकडे का नेत नाहीस, म्हणून घरचे विचारतात. एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाचाही फोन येऊन गेला, चांगल्या घरी जाईल म्हणाला. मी ती मावशी लावायची तिथेच ठेवली आहे, तेलाच्या डागावर, कव्हर न घालता. दर रविवारी येऊन सुरू करते. शिरीषकाका गॅलरीत टॉवेल वाळत घालायला येतात, खाली बघतात आणि आत जातात. रोज बघावी त्यांनी.