सतरा कापडांचा गुन्हा

नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. बहुतेक विसरलो. हा एक मात्र अजून पाठ सोडत नाही.

मी तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. हद्दीत हाताने जरीचं भरतकाम करून घेणारी एक जुनी कंपनी होती. एकदा सकाळच्या हजेरीच्या वेळीच तिचे तिसऱ्या पिढीतले मालक ठाण्यात आले. कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक छापायचं होतं. त्यासाठी काढून ठेवलेली, अगदी सुरुवातीच्या काळातली सतरा नमुन्यांची कापडं कपाटातून गेली होती. कुलूप शाबूत, म्हणजे माणूस आतला. गुन्हा नोंदवला.

तिसऱ्या दिवशी खबऱ्या म्हणाला, "साहब, एक बूढ़ी कारीगर है. कपड़ों के फोटो खिंचे, तब से काम पर नहीं आई."

बाई नोएडात राहत होती. हद्द दुसऱ्या राज्याची, म्हणून तिथल्या ठाण्यात नोंद केली, महिला कॉन्स्टेबल बरोबर घेतली. झडती घ्यावीच लागली नाही. बाईने स्वतःच ट्रंक उघडली. कापडं मऊ चादरीत गुंडाळलेली होती.

चोर माल विकतो, नाहीतर फेकतो. हिने तो जपला होता. ठाण्यात तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "क्यों उठाया?"

"मेरा काम है, साहब. कुछ मेरा, कुछ अब्बा का."

ही कापडं मालकांच्या आजीने भरली, असं पुस्तकात छापलं जाणार होतं. आमची नावं घाला, म्हणून बाईने मालकांना दोनदा विनवलं होतं. ते नुसतं "देखेंगे" म्हणाले.

"तुमचं काम कशावरून?" मी हिंदीतून विचारलं.

उलट बाजूला, कोपऱ्यात गाठी आहेत, ती म्हणाली. वडिलांच्या दोन, तिच्या तीन. मोतीबिंदूने तिला नीट दिसत नव्हतं. कापडांना हात न लावता तिने सांगायला सुरुवात केली: मोराला तीन, कमळाला दोन. पंचांसमोर मी एकेक कापड उलटत गेलो. सतराच्या सतरा जुळली.

गुन्हा उलगडला आणि माझे हात बांधले गेले. कापडं कंपनीचीच होती आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे विश्वासाने दिलेली होती. मालकांना बोलावून म्हटलं, "नाव घाला, समझोता करून टाका."

"एक नाम डाला तो कल सब कारीगर आ जाएंगे, साहब."

दोषारोपपत्र मी पाठवलं. बाई जामिनावर सुटली आणि सुनावणीआधीच वारली. तिची मुलगी ठाण्यात आली. "अम्मी का नाम अब कट जाएगा ना?" खटला संपेल, पण कागदावरचं नाव राहील, हे तिला मलाच सांगावं लागलं. ती उठून गेली.

कापडं कायमची कंपनीकडे गेली. गुरुग्रामच्या नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला मला मानाने बोलावलं. तिथे ती कापडं काचेमागे होती, फळीवर डिंकाने पक्की चिकटवलेली. गाठी आता कुणाला दिसणार नव्हत्या. खाली आजीचं नाव. मी पुष्पगुच्छ घेतला आणि निघालो.

वस्तू कुणाच्या मालकीची हे कायदा विचारतो, कुणाच्या हातची हे विचारत नाही. ते मी शिकलो, पण उशिरा, आणि त्याचा तिला काही उपयोग झाला नाही. त्या कापडांसोबत तिचं नाव आज फक्त माझ्या कागदांत सापडेल, आरोपीच्या रकान्यात.