आबांनी टीव्ही म्यूट केला तेव्हा

या जगातून कोणीही पुरतं नाहीसं होत नाही. हे वाक्य माझं नाही. बेपत्ता माणसांच्या तपासावरची एक हिंदी मालिका लागते, तिचा निवेदक दर भागाच्या सुरुवातीला खर्जात हे सांगतो आणि लगेच बनियनची जाहिरात येते.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी सुरतेत भेस्तानला एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये रंग जुळवतो. दिवसभर दोन निळ्यांमधला फरक शोधणाऱ्याला डोळे किती फसवतात ते चांगलं माहीत असतं. तरीही पाहिलं ते लिहितो...

लिंबायतला माझी सुमनमावशी राहते. तिचे यजमान, नाना, पॉवरलूमवर कारागीर होते आणि मावशी त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. माग चालू असले की तिथे कानाशी येऊन बोललेलंही ऐकू येत नाही, त्यामुळे जुनी माणसं ओठ वाचायला शिकतात. कामाची पाळी लांबली की नाना लांबूनच ओठ हलवून सांगायचे, "तू जेयी ले, मनी वाट देखू नको." मग डाव्या कानाच्या पाळीला दोनदा बोट लावायचे — ऐकलं का? मावशी आपल्या कानाला एकदा बोट लावायची — ऐकलं. ही खूण फक्त त्या दोघांची.

तेरा वर्षांपूर्वी नाना कडोदऱ्याला नवीन काम बघायला गेले ते परत आलेच नाहीत. चौकी, दवाखाने, नातेवाईक सगळं पालथं घालून झालं. त्यानंतर मावशीनं दोन गोष्टी धरून ठेवल्या. सगळ्यांची जेवणं झाली तरी आपण बराच वेळ थांबून जेवायचं. आणि टीव्ही मोठ्यानं लावायचा — नानांना मागांमुळे कमी ऐकू यायचं, गल्लीत शिरल्यावर घरचा टीव्ही त्यांच्या कानावर पडायला हवा.

ती मालिका तर ती चुकवत नसे. एका हरवलेल्या कारकुनाला शोधायला त्यात तीन जीपगाड्या सुटतात. मी एकदा म्हणालो, "मावशी, एवढ्या गाड्या खऱ्या पोलिसांकडे असत्या तर सुरतेत कोणी हरवलंच नसतं."

"तू गप ऱ्हाय," ती म्हणाली. "त्यास्ना माणूस शेवटले सापडस तरी."

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी नानांचे थोरले भाऊ, आबा, गावाहून आले. मीही तिथेच होतो. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करतात. आबांना ते उरकायचं होतं. आमची जेवणं झाली होती, मावशीचं ताट झाकलेलं होतं आणि मालिकेचा जुना भाग चालू होता. गंभीर बोलायचं म्हणून आबांनी रिमोट घेतला आणि टीव्ही म्यूट केला.

"सुमन, भाऊ मना शे," ते म्हणाले. "त्याना जीव असा कितला दिन लटकत ठेवाना?"

"मी कोठे नही म्हनस, आबा? पन ते सांगतीन तवय."

"ते आते कोठून सांगतीन? टीव्हीमझारतून?"

हे वाक्य आपण बोललोच नाही, असं आबा आता सांगतात.

पडद्यावर इन्स्पेक्टर चहाच्या टपरीवर कोणाचा तरी फोटो दाखवत होता. मागच्या बाकावर लाल टोपीतला एक पोरगा बसला होता. गर्दीसाठी आणून बसवतात तसला, विशीतला. नानांशी काडीचं साम्य नाही. तो सावकाश वळला, सरळ आमच्याकडे बघून त्यानं ओठ हलवले, आणि डाव्या कानाच्या पाळीला दोनदा बोट लावलं.

मावशीचा हात आपल्या कानाकडे गेला. एकदाच.

मग ती उठली, झाकलेलं ताट पुढे ओढलं आणि जेवायला बसली.

"करा," ती आबांना म्हणाली.

आबांना हवं ते मिळालं होतं, पण चेहरा तसा दिसेना. तरुणपणी तेही लूमवर होते. ओठ त्यांनाही वाचता येतात. मला येत नाहीत. मी विचारलं, "मावशी, काय म्हणाला तो?"

तिनं घास गिळला. "तुले माहीत शे."

मी इतक्यात हार मानणारा नाही. घरी येऊन तोच भाग मोबाईलवर काढला. इन्स्पेक्टर तोच, टपरी तीच, लाल टोपीही तीच. पण पोरगा सबंध प्रसंगभर पाठ करून बसलेला. पुन्हा पुन्हा पाहिलं — पाठच. टीव्हीवर वेगळा शॉट दाखवला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या वेगळ्या शॉटमधल्या पोराला ती खूण कोणी शिकवली? वाहिनीला मेल लिहिला. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं. भास म्हणावा, तर आमच्या लॅबचाच नियम आड येतो: तिघांना एकच छटा दिसली, तर आम्ही ती खरी धरतो.

नानांची क्रिया तापीच्या काठावर झाली. पुतळ्याला अग्नी देताना आबा रडले, मावशी नाही. घरी आल्यावर तिनं सगळ्यांबरोबर पान मांडून घेतलं. मालिका ती अजूनही बघते, पण आता बेताच्या आवाजात.

स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. शेजारच्या हंसाबेन मात्र नाराज आहेत. इतकी वर्षं त्यांना ती मालिका भिंतीतून फुकट ऐकू यायची. आता स्वतःचा टीव्ही लावावा लागतो.