त्याला रेडियम म्हणू नये

मथुराअक्का कुठलीही वस्तू आधी वाचत आणि मग विकत घेत. मांबलम स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही हातात भिंग होतं आणि भिंगाखाली अंधारात चमकणाऱ्या पावडरीची पुडी. माझ्या मुलीला, सईला, छताला चिकटवायच्या चमकत्या चांदण्या हव्या होत्या. तिच्याशी मराठीत बोलता बोलता मी दुकानदाराकडे ‘रेडियमच्या चांदण्या’ मागितल्या, तशा त्या माझ्याकडे वळल्या आणि तमिळ हेल असलेल्या मराठीत म्हणाल्या, “ह्यास रेडियम म्हणू नको कण्णा. रेडियम निराळं.”

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही चेन्नईत येऊन चारच महिने झाले होते. परक्या गावात अवचित मराठी ऐकून मला भरून आलं. बोलता बोलता कळलं की आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो, त्या आमच्या खालच्याच मजल्यावर. घराणं तंजावरचं. ‘मला’ऐवजी ‘मज’ म्हणायच्या, ‘सगळं’ऐवजी ‘अस्की’, आणि लहानमोठ्या कुणालाही लाडाने ‘कण्णा’. लग्न केलं नव्हतं. एका महिला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी सारी नोकरी काढली होती, आणि आता दर शनिवारी दुपारी इमारतीतल्या आठ-दहा मुलांना हस्तकला शिकवत.

मुलांना सगळ्यात आवडायची ती चमकणारी कामं. अक्का रंगवलेला कागद खिडकीतल्या उन्हात धरायच्या, मग सगळ्यांना अडगळीच्या खोलीत कोंबून दार लावायच्या. भर दुपारी तिथे हिरवे मासे पोहायला लागत. “ह्याचं स्वतःचं काही नाही,” त्या सांगायच्या. “उजेड दिला तर धरून ठेवतं, मग हळूहळू अस्की सोडून देतं. फुकट काही करत नाही.” पूर्वी घड्याळांच्या काट्यांना खरंच रेडियम लावत, ते दिवसरात्र आपोआप चमके आणि माणसांना आजारी पाडी, हे तसं नव्हे, नाव तेवढं दुकानदारांच्या तोंडी राहिलं, हे त्यांनी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं.

तरीही पावडर मिसळताना मुलांच्या तोंडाला मास्क असे. साच्यात राळ, म्हणजे रेझिन, ओतायची असेल तर खिडक्या उघड्या आणि हातमोजे. पावडर कुठलीही नाकात जाऊ नये आणि ओली राळ कातडीला लागू नये, एवढंच त्यामागचं कारण. वाढदिवसाला वाटतात त्या वाकवून चमकवायच्या नळ्या मात्र त्यांनी वर्ज्य केल्या होत्या. आत बारीक काचेची कुपी असते, फुटली तर काच आणि झोंबरं पाणी बाहेर येतं. एकदा एका मुलाने घरून आणलेली तसली नळी चावली. अक्कांनी त्याचं तोंड धुतलं, काच लागली नाही ना ते पाहिलं, आणि स्वतः त्याच्या घरी जाऊन सगळं सांगून आल्या. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

दुसऱ्या मजल्यावरची धारिणी त्यांची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. नऊ वर्षांची, शांत. तिला ताप येऊ लागला, अंगावर निळे डाग उठू लागले, आणि अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलात रक्ताचा कॅन्सर निघाला. आठवड्याभरात इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज पाठवला: चमकणाऱ्या खेळण्यांत रेडियम असतं, त्याने मुलांना कॅन्सर होतो.

असोसिएशनने रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. आदल्या संध्याकाळी अक्का माझ्याकडे आल्या. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नसावं, इतकं अवघडून म्हणाल्या, “अनघा, तुझी मुलगी येते माझ्याकडे. तू दोन शब्द बोल.” मी हो म्हटलं.

मीटिंगला त्या सगळी पाकिटं घेऊन आल्या होत्या. एकेक उघडून त्यांनी तमिळमध्ये समजावलं. लोक ऐकत होते. मग धारिणीची आई, गायत्री, उठली. हॉस्पिटलातून थेट आली होती, मनगटाला अजून तिथल्या पासाची कागदी पट्टी होती. तिने शांतपणे एकच विचारलं. “सुरक्षित आहे, तर मास्क कशाला घालत होतात?”

अक्का बोलायला लागल्या, पण पावडर आणि फुप्फुस आणि राळ हे त्यांचं आता कुणी ऐकत नव्हतं. मागून कुणी नळीची गोष्ट काढली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. गायत्रीसमोर माझी जीभ उचलली नाही, असं मी पुढे नवऱ्याला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. अक्कांना हो म्हटल्यावर तासाभरातच मी स्टुलावर चढून सईच्या छताच्या चांदण्या खरवडून काढल्या होत्या.

शिकवणी बंद झाली. कचऱ्याच्या डब्यात त्यांनी त्या चांदण्या पाहिल्या असाव्यात. जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, “काढलीस ते असो. आई आहेस. पण मज सांगायचं होतंस.” मी माफी मागितली. त्यांनी ‘सेरि’, ठीक आहे, म्हणून मान हलवली आणि कठडा धरून खाली गेल्या.

पुढे त्यांनी केलं ते माझ्या मनातून जात नाही. सगळी पाकिटं पिशवीत भरून त्या आपल्या जुन्या कॉलेजात गेल्या आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रत्येक पुडी किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्रापुढे धरायला लावली. यंत्र रिकाम्या टेबलासमोर जेवढं वाजलं तेवढंच पुडीसमोर वाजलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. “मज ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “तरी गेले. बघ, माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही.” दोन दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. मग तिसऱ्यांदा गेल्या, तेव्हा तिथल्या बाईंनी त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं.

पावसाळा संपता संपता धारिणी गेली. अक्का नेसूचं नीट करून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. दारात गायत्रीच्या भावाने त्यांना हात आडवा केला. त्या वाद न घालता दोन पायऱ्या खाली बसून राहिल्या, मुलीला नेईपर्यंत. लोक त्यांना चुकवून उतरत होते. मीही त्यातलीच.

महिन्याभरात भाचा येऊन त्यांना तंजावरला घेऊन गेला. मी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं नाही, की ओळखायचं नव्हतं, कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्याचा भाच्याचाच फोन आला. बरेच दिवस जेवण सोडलं होतं म्हणाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी गायत्री मला भाजीवाल्यापाशी भेटली. बातमी तिला कळली होती. पालक निवडता निवडता, माझ्याकडे न बघता ती तमिळमध्ये म्हणाली, “डॉक्टरांनी मीटिंगच्या आधीच सांगितलं होतं, त्या रंगांचा काही संबंध नाही. कशाने झालं विचारलं, तर म्हणाले, सांगता येत नाही.” पालकाची जुडी झटकत ती म्हणाली, “सांगता येत नाही, हे घेऊन मी घरी कशी राहणार होते?”

मी तिच्या पिशवीचा एक बंद धरला. तिने भाजी आत भरली, आणि आम्ही दोघी इमारतीकडे चालू लागलो.